न ऐकणारं काम

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे सबुरीताई म्हणत. निकाल रुग्णांच्या फोनवर पाठवणारा प्रोग्राम तिचाच. त्यात एकाच वेळी अनेक कामं चालत, प्रत्येकाच्या वाट्याला काही रुग्ण; आणि कुठलंही काम तडकाफडकी मारायला, म्हणजे मधेच बंद पाडायला, तिचा सक्त विरोध. "त्याला थांब म्हणून सांगा. हातातला निरोप पोचवेल, कुणाकुणाला गेला त्याची नोंद करेल आणि आपणहून थांबेल," हे पालुपद नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकावं लागे.

त्या दुपारी तंत्रज्ञ धापा टाकत आला. "ताई, रसायन खराब निघालं! सकाळपासून धडधाकट माणसांनाही कॅन्सरचा संशय म्हणून कळवतोय आपण!"

तिने 'थांबा' दाबलं. एकेक काम शहाण्यासारखं थांबलं. एक मात्र ढिम्म. त्याचे निरोप जातच राहिले.

"मारून टाका ना सरळ!" प्रयोगशाळेचे साहेब ओरडले.

"मारलं तर कुणाला गेले तेच कळणार नाही, साहेब. नोंद ते शेवटी करतं."

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा. मग तिने आपलाच कोड उघडला. काहीही अडथळा आला तरी पुन्हा प्रयत्न कर, असं तिने त्या एका कामात लिहून ठेवलं होतं. 'थांब' ही सूचनाही त्या कामाला अडथळाच वाटत होती. ती झटकून ते बेटं नव्या जोमाने पुढच्या माणसाकडे वळत होतं. जगाला सबुरी शिकवणाऱ्या बाईने आपल्याच कामाला ऐकायला शिकवलं नव्हतं!

शेवटी तिने ते मारलं. नोंद अर्थातच गेली.

बाकीच्या कामांच्या नोंदी हाताशी होत्या, पण या कामाच्या वाट्याच्या प्रत्येकाला फोन करून विचारणं आलं. सगळ्यांनी नावं वाटून घेतली. तिने पहिला फोन लावला. पलीकडे एक आजी होत्या.

"आजी, आमच्याकडून निकाल आलाय का तुम्हाला?"

"आलाय की. केव्हाची फोन हातात धरून बसलेय."

"तो धरून चालू नका. रसायन खराब होतं. चूक माझी आहे."

"म्हणजे मला काही झालेलं नाही ना गं?"

'नाही' अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. "ते मला माहीत नाही, आजी. पुन्हा तपासावं लागेल."



"बरं," आजी म्हणाल्या. "घरात कुणी नाहीये. लगेच ठेवू नकोस हं."