बुवांचा बसलेला गळा

नववीची परीक्षा संपली आणि मालवणातला माझा गाण्याचा क्लास जूनपर्यंत बंद झाला. सुट्टीत रियाज तुटू नये म्हणून आईने मला शेजारच्या बुवांकडे धाडलं. तोंडवलीत आमच्या दोन घरांमध्ये फक्त माडांची एक रांग. बुवा सकाळी होडी घेऊन जायचे आणि दुपारी पडवीत पेटी काढून बसायचे. भजनाला त्यांचा आवाज माइक नसला तरी पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचा.

पहिल्याच दुपारी तो मला खरखरीत वाटला.

"गळो बसलो हा," ते म्हणाले. "खाऱ्या वाऱ्यान. चार दिवसांत बरो होतलो."

चार दिवस गेले, आठवडे गेले. भजनातला गजर शिकवताना ते वरच्या सुरापाशी यायचे आणि तिथे नुसती हवा निघायची. मग ते पट्टी उतरवायचे. काळी चारवरून पांढरी चार, तिथून काळी दोन. इतक्या खाली मला गाताच येईना. शेवटी त्यांनी पट्टी पुन्हा वर नेली. "तू गा गो. मी आयकतंय."

तेव्हापासून मी गायची आणि ते मान हलवायचे. माझा आवाज खुलत होता, घरी सगळे खूश होते. मी मात्र त्यांच्या पडवीच्या पायरीपाशी रेंगाळायची. ते रोज कालच्यापेक्षा कमी बोलायचे. त्यांच्या ताटातली भाकरी गेली, पेज आली. एकदा खोकल्यावर त्यांनी पंचा तोंडाला लावला आणि घाईघाईने घडी करून मांडीखाली सरकवला. तांबडा डाग मला दिसला होता.

मी आत जाऊन काकींना, बुवांच्या बायकोला, सांगितलं. त्या मासे कापत होत्या. हात तसाच थांबला.

"माका म्हायत आसा," त्या हळू म्हणाल्या. "डॉक्टराचा नाव काढला की ओरडतत. तू सांग. तुझा आयकतीत."

बाहेर बुवा पेटीच्या भात्यावर हात ठेवून समुद्राकडे बघत होते.

"बुवानू, तुमी डॉक्टराकडे गेल्याशिवाय मी गजर गावचंय नाय."

त्यांनी पेटी बंद केली. रागावले, असं वाटून मी घरी आले. दुसऱ्या दिवशी गेले तर दाराला कुलूप. दोघं गोव्याला इस्पितळात गेली होती.

पावसाळ्यात ते परतले तेव्हा कॅन्सर झालेलं स्वरयंत्र काढून टाकलेलं होतं, गळ्याला श्वासासाठी भोक होतं आणि आवाज कायमचा गेला होता. आणखी उशीर झाला असता तर माणूसच गेला असता, असं डॉक्टरांनी काकींना सांगितलं होतं.

चतुर्थीला आमच्या घरी भजन बसलं. बुवांनी पेटी घेतली आणि मी गाणार असं मंडळींना हातानेच दाखवलं. मी गजर उचलला. मध्येच त्यांची बोटं थांबली. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मृदंगवाल्याने माझ्याकडे पाहिलं. थांबावं की गावं, मला कळेना. बुवांनी डोळे न उघडताच हात वर करून 'चालू दे' अशी खूण केली. पेटीशिवाय, नुसत्या मृदंगावर मी गजर पुरा केला.