दोन कार्डं

आमच्या शर्टांच्या कारखान्यात माझ्या मोठ्या जाऊबाईंना सगळे फौजदार म्हणतात. मी त्यांच्याच टेबलावर बसून धागे कापते. कुणाला उशीर झाला की त्या आपल्याबरोबर तिचंही कार्ड हजेरीच्या घड्याळात टाकतात. कार्डावर फोटो नाही, नुसता नंबर. साहेबांनी एकदा हटकलं, तर म्हणाल्या, "शर्ट मोजा ना, बायका कशाला मोजता?"

गेल्या महिन्यात कारखान्यात कॅन्सरची तपासणी ठेवली. आधी डॉक्टरबाईंनी रबराची छाती आणून तिच्यातली गाठ एकेकीला चाचपायला लावली. बाकीच्या तोंड दाबून हसत होत्या. माझी आई याच दुखण्याने गेली. बोटाला ती गाठ लागली आणि मी हात झटकन मागे घेतला.

"मी नाही जायची," मी जाऊबाईंना म्हटलं. "मला काही कळूनच घ्यायचं नाही."

"यादीत तुझा नंबर लागला नाही तर साहेब डोकं खातील. आण तुझं कार्ड. तसंही आपलं सगळं सामाईकच आहे, स्वयंपाकघर काय नि सासू काय."

सकाळी त्या स्वतःच्या कार्डावर जाऊन आल्या. दुपारी नर्स बदलली, तेव्हा माझ्या कार्डावर गेल्या. मला मेलीला सुटल्यासारखं वाटलं.

आठवड्याने दोघींच्या हातात बंद पाकिटं पडली. मी माझं फोडलं. 'डाव्या बाजूला गाठ लागते. पुढच्या तपासणीसाठी सोमवारी यावे.' आईचे शेवटचे दिवस आठवले. मग लक्षात आलं, ही मी नव्हेच. खोटं कशाला बोलू, हुश्श झालं.

मान वर केली, तर जाऊबाईंच्या हातात त्यांचा कागद होता. त्यावरही डावी बाजूच लिहिलेली. फौजदाराच्या दुसऱ्या हातात कात्री तशीच उघडी राहिली होती.

"नर्स चुकली असेल म्हणायचीसुद्धा सोय ठेवली नाही बघ मी," त्या हळूच म्हणाल्या. "मला भीती वाटते गं."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मी त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली.

सोमवारी दोघी गेलो. नर्सला मी सगळं खरं सांगून टाकलं, बोलणी खाल्ली. मग जाऊबाईंच्या आधी मी आत गेले, माझ्या कार्डावर. दाराशी वळून पाहिलं, तर त्या बाकावर माझी पर्स छातीशी घट्ट धरून बसल्या होत्या.