केशरी चमचा
शब्दाला इतकी पक्की बाई मला पुन्हा भेटली नाही. तिचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

सत्तर सालाच्या सुमारास मी नागपुरात नर्स होते. मुलांचे डोळे जाऊ नयेत म्हणून जरीपटक्यापलीकडच्या वस्तीत आम्ही जीवनसत्त्वाचं केशरी औषध घरोघर जाऊन चमच्यानं पाजत असू. तिच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा खोचलेला होता. म्हणजे आत कुणाला तरी गोवर होता.

ती उंबऱ्यातच हात जोडून उभी राहिली. "घरात माता हाये, बाई. औषध देलं का कोपते. माता गेली का मीच आणतो पोरीले."

गोवरातच या औषधाची जास्त गरज असते, हे मी परोपरीनं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण जोडलेले हात सोडले नाहीत. मागे सासू उभी होती.

महिन्याभरानं ती खरंच दवाखान्यात आली. कडेवरच्या पोरीच्या अंगात धुतलेलं झबलं होतं, डोळ्यांत रेखीव काजळ होतं. काजळाच्या आतली बुबुळं दुधासारखी पांढरी झाली होती.

मी चमचा भरला. पोरीचं तोंड भलतीकडेच होतं. आईनं हनुवटी धरून ते हळूच चमच्याकडे वळवलं.

"द्या बाई," ती म्हणाली, "आता घरचं कोणी नाही म्हणत नाही."