पाणमांजरांचे इन्स्पेक्टर

आमचे साडूभाऊ कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी दोन्ही हात पाठीमागे बांधून ती नुसती बघत. मग ती नवी सायकल असो, शेजाऱ्यानं आणलेलं कपाट असो, नाहीतर कुणाचं तान्हं मूल असो. ओझरच्या विमान कारखान्यात ते तपासणीला होते. यंत्रावरून उतरलेला भाग त्यांच्या टेबलावर यायचा आणि त्यांनी पास केल्याशिवाय पुढे जायचा नाही. त्यामुळे घरात, नात्यात आणि कॉलनीत त्यांना सगळे इन्स्पेक्टरच म्हणत. खरं नाव लग्नपत्रिकेपुरतं उरलं होतं.

माझ्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा सासरच्यांनी मला बघायला त्यांनाच पाठवलं. अर्धा तास समोर बसून होते. पोहे खाल्ले, पाणी प्याले, मला उगाच एकदा दारापर्यंत चालायला लावलं आणि घरी जाऊन निकाल दिला, “चालेल. डावा खांदा थोडा खाली आहे, पण त्यानं कामात फरक पडणार नाही.” बायकोनं हे मला लग्नानंतर आठ दिवसांनी सांगितलं. पुढची कित्येक वर्षं मी आरशासमोर डावा खांदा उचलून उभा राहत असे.

या माणसाला नदीचा नाद लागला तो पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराला. कारखान्यातल्या एका सोबत्याच्या शेतावर मिरच्या आणायला म्हणून ते सायखेड्याला गेले होते. परत निघताना गोदावरीत पाय धुवायला उतरले, तर समोरच्या डोहात एका ओळीत सात डोकी. आधी त्यांना वाटलं, पोरं पोहतायत. मग एका डोक्यानं बुडी मारली आणि ते मासा घेऊन वर आलं, तेव्हा कळलं, ही पाणमांजरं. मिरच्यांची पिशवी त्या दिवशी नदीकाठीच राहिली. अक्का, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, ती पिशवी पुढं कैक वर्षं विसरली नाही.

त्यानंतर सुटीचा दिवस उगवला की इन्स्पेक्टर सायकल काढत. सोबत भाकरी, पाण्याची बाटली आणि शंभर पानी वही. बायकोनं मला एकदा त्यांच्यामागे लावून दिलं, “दाजी नेमकं करतात तरी काय ते बघून या.” मी नाशकात द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून. दिवसभर ट्रकवाल्यांशी हुज्जत घालणारा माणूस. मला तीन तास गप्प बसायला लावणं म्हणजे म्हशीला झोपाळ्यावर बसवणं. करंजाच्या झाडाखाली आम्ही उजाडताच जाऊन बसलो. विडी ओढायची नाही, खाकरायचं नाही. तासाभरानं मी कुजबुजलो, “साडूभाऊ, एवढ्या वेळात एक सिनेमा झाला असता.” ते म्हणाले, “डोळ्याला घाई नसते, पाहुणे. घाई हाताला असते. तुम्ही जिभेला लावताय.”

आणि मग ती आली. आधी आवाज आला, पाखरांच्या पिलांसारखी चिवचिव. पाठोपाठ वळणावरून सातही जण पोहत आले, मोठी दोन्ही टोकांना आणि लहान मधे. पाणी कापत, माशांना उथळात रेटत त्यांनी असा काही वेढा घातला की मी विडीचं सोडाच, श्वास घ्यायचंही विसरलो. मासे हवेत उडायला लागले. खाऊन झाल्यावर सगळी वाळूत लोळली, एकमेकांच्या अंगावर पडली, आणि एका पिल्लानं आईची शेपटी धरून ठेवली ती सोडेचना. परत येताना पूर्ण रस्ता मीच बोलत होतो. इन्स्पेक्टर फक्त हसत होते.

त्यांनी त्या जनावरांना लाडाची नावं दिली नाहीत. वहीत थोरली होती, म्हातारा होता, आदल्या वर्षीचे भाऊबहीण होते आणि तीन लहान. कोण कुठं झोपतं, कोण कुणाला घास देतं, सगळं टिपलेलं. एकच गोष्ट त्यांना सुटत नव्हती. आदल्या वर्षीचा भाऊ स्वतः पकडलेला मासा न खाता पिलांपुढे नेऊन टाकायचा. जेवताना ते मधेच हात थांबवून विचारत, “त्याला हे कुणी सांगितलं असेल?” अक्का म्हणायची, “तुम्हाला तर सांगूनही कळलं नाही. धाकट्या भावाला कधी काही दिलंय का?” पुढच्याच महिन्यात इन्स्पेक्टरांनी आपलं जुनं घड्याळ गावी भावाला पाठवून दिलं. ते बंद होतं ही गोष्ट वेगळी.

नदीवरचा दगडू भोई मात्र या जनावरांच्या नावानं बोटं मोडायचा. मासे पकडून पोट भरणारा माणूस, आणि पाणमांजरं जाळी फाडून आतले मासे नेत. “साहेब, तुम्हाला गंमत वाटू ऱ्हायली, पण ती पाणकुत्री आमच्या ताटातलं खात्यात,” तो म्हणायचा. इन्स्पेक्टर वाद घालत नसत. फाटलेलं जाळं मांडीवर घेत आणि सुतळी मागत. तपासणाऱ्या माणसाची बोटं, गाठ अशी बसवत की दगडू स्वतः ओढून बघायचा आणि पुढचं भोक दाखवायचा. पाणमांजरांबद्दलचं त्याचं मत त्यानं बदललं नाही, पण आम्हाला चहा पाजायला लागला.

वहीत लिहिताना अडचण व्हायची. “वाकड्या उंबराजवळच्या मोठ्या काळ्या दगडावर थोरली बसली” एवढं लिहीपर्यंत थोरली उठून जायची. कारखान्यात प्रत्येक भागाला नंबर असतो. नंबराशिवायची वस्तू इन्स्पेक्टरांच्या लेखी नव्हतीच. त्यांनी मेन रोडवरून पांढरा ऑइल पेंट आणला आणि एका दुपारी नऊ दगडांवर नऊ आकडे काढले. एकवर ती अंग वाळवत, तीनवर खात, पाचवर खूण म्हणून विष्ठा टाकत, आणि नऊ नंबर म्हणजे उंबराच्या मुळाखालच्या बिळाशेजारचा दगड. आधी तारेच्या ब्रशनं दगड घासला, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. “चार पावसाळे हलणार नाही,” ते म्हणाले. आकडे इतके सुबक होते की मीही वाहवा केली. नऊचा आकडा काढताना तर रंगाचा डबा मीच धरला होता.

आठवड्याभरात गावात बोभाटा झाला की सरकारी मोजणी सुरू झाली. एक म्हातारे शेतकरी काठी टेकत आले आणि म्हणाले, “साहेब, धरण व्हनार व्हय? आमचा मळा पान्यात जातो का ऱ्हातो, तेवढं सांगा.” त्यांची समजूत घालता घालता दिवस गेला. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. नंबर बघून माणसं वाट काढत येतात, एवढं त्यातून कळायला हवं होतं. ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

त्या थंडीत एका सुटीच्या दिवशी आम्ही गेलो तर करंजाखाली दगडू बसलेला होता. आम्हाला बघून उठला आणि पुढे होऊन दगडांकडे चालू लागला. एक नंबरच्या दगडापाशी वाळू उकरलेली होती आणि रक्त सुकून काळं पडलं होतं. तीनपाशी तसंच. पाचपाशी एक लोखंडी सापळा तसाच पडला होता, दातांमध्ये केस अडकलेले. नऊ नंबरच्या बिळाचं तोंड कुदळीनं फोडलेलं.

“कातडी नेणारे आले व्हते. बाहेरगावचे,” दगडू म्हणाला. “कोणाला काय इचारलं नाय त्यांनी. नंबर बघत बघत गेले अन सापळे लावले.” थोरली गेली, म्हातारा गेला, आदल्या वर्षीची बहीण आणि एक पिल्लू गेलं. “एक मोठा अन दोन बारकी पाण्यानं खाली गेली. म्या बी गप ऱ्हायलो, साहेब. म्हणलं, जाऊ द्या, जाळं तरी वाचंल.”

इन्स्पेक्टरांनी सायकलच्या पिशवीतून पाना काढला आणि एक नंबरचा आकडा खरवडायला बसले. रंग निघेना. त्यांनीच तो न निघेल असा लावला होता. दगडूनं कोयता आणला, मी एक टोकदार दगड घेतला, आणि आम्ही तिघं दिवसभर घासत होतो. त्यांच्या बोटांची सालं निघाली तरी थांबले नाहीत. नऊचा आकडा घासताना ते एकदाच म्हणाले, “बघत होतो तेवढं पुरे होतं, पाहुणे.” मला त्या वेळी रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्यानंतर ते नदीवर गेले नाहीत. सायकल तीच, सुटीचे दिवस तेच. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसत. वही त्यांनी जाळली असं अक्का सांगते. सात-आठ वर्षं गेली. निवृत्तीला दोन वर्षं असताना छातीचं दुखणं लागलं आणि ते अंथरुणाला खिळले. ही बातमी सायखेड्याला कशी पोचली कोण जाणे, पण एक दिवस दगडू एसटीनं आला. हातात पानात गुंडाळलेला मरळ मासा होता.

तो खाटेजवळ जमिनीवरच बसला. थोडा वेळ पावसापाण्याचं बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “साहेब, आलीत परत. आठ हायेत. लांब हायेत, पण हायेत. कुठं, ते सांगू?”

इन्स्पेक्टर कोपरावर टेकून अर्धे उठले. डोळे असे झाले होते की अक्कानं घाबरून पाण्याचा तांब्या उचलला. त्यांना ते किती हवं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. दगडू तोंड उघडून वाट बघत होता.

“नको,” ते म्हणाले. “नको सांगूस.” आणि पुन्हा उशीवर पडले. जरा वेळानं त्यांनी डोळे न उघडता विचारलं, “आठ म्हणजे पिलं धरून, का सोडून?”

“सोडून,” दगडू म्हणाला. “पिलं आणखी दोन.”

इन्स्पेक्टरांनी मान हलवली. कारखान्यात माल पास करताना ते अशीच मान हलवत असतील.

दगडूला पोचवायला मी द्वारकेपर्यंत गेलो. एसटीची वाट बघत उभे होतो, आणि मला काही राहवेना. मी कुणाला सांगणार होतो? नुसतं एकदा जाऊन लांबून बघून यायचं होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “दगडूभाऊ, साधारण कोणत्या अंगाला, तेवढं तरी?”

दगडू म्हणाला, “साहेबांनी नाय इचारलं. मंग तुम्हाला कसं सांगू?” एसटी आली, तो चढला, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, “राग मानू नका. तुमी लय बोलता.”

इन्स्पेक्टर त्याच उन्हाळ्यात गेले. पुढं काही वर्षांनी दगडूही गेला, आणि ती जागा त्यानं कुणालाच सांगितली नाही, पोटच्या पोरालाही नाही. सायखेड्याच्या पुलावरून जाताना मी आजही खिडकीपाशी सरकून बसतो. शेजारचा विचारतो, काय बघताय? मी म्हणतो, काही नाही, पाणी किती आहे ते बघतोय.