कार्ड खिशात होतं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टर उडवली आहे. आता माझी पाळी... उडवा.

मी सोलर पंपांचे कंट्रोलर दुरुस्त करतो. गेल्या मे महिन्यात मोखाड्याच्या अलीकडच्या एका पाड्यावरून फोन आला - दोन दिवस टाकीत पाणी नाही. दुपारी दोनला पोचलो, कंट्रोलरची पेटी उघडली, तर आत कुंकू. आखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंप पुजला होता, आणि त्याआधी पेटी आतूनही धुतली होती. डोकंच फिरलं माझं.

पेटीत छोटा लिनक्स कॉम्प्युटर असतो. सुरू होताना त्याला रूट फाइलसिस्टीम कुठे आहे ते सांगावं लागतं, म्हणजे पंप चालवणाऱ्या प्रोग्रामसकट त्याचा सगळा संसार. आमच्याकडे जागा एकच, मेमरी कार्डाचा दुसरा भाग. ते कार्ड पाण्याने गेलेलं. लॅपटॉप जोडून त्या कॉम्प्युटरच्या बोर्डावरच्याच मेमरीचा पत्ता दिला, तिथे काहीच नाही. पुन्हा कार्डाचा दिला - रूट सापडत नाही. जादा कार्ड मी जव्हारला विसरलो होतो.

पंप बघणारी जनीमावशी शेजारी उभी होती. "भाऊ, सुनेचं दिवस भरलंत. घरात थेंब नाय. हंडा घेऊन निघालीय ती खाली."

झरा दरीत. तो उतार मी रिकाम्या हातांनीही बसत बसत उतरतो.

"अर्धा तास थांबवा तिला," म्हणालो. शुद्ध थाप. जव्हारहून परत येईपर्यंत ऊन गेलं असतं.

कार्ड काढून खिशात टाकलं. तेवढ्यात बोर्ड आपोआप रीस्टार्ट झाला. अडकल्यावर तो होतोच, त्यात नवल नाही. पण या वेळी लॅपटॉपवरच्या ओळी थांबेचनात... रूट सापडली. जागा - कार्ड, दुसरा भाग.

मी खिसा चाचपला. कार्ड होतं.

पंप घरघरला. पेटीला शिवायची हिंमत होईना. टाकीत पाणी पडायला लागलं तशी सून अंगणातूनच माघारी फिरली. पाऊण तासात तिला कळा सुरू झाल्या. एरवी ती तेव्हा दरीत असती, एकटी.

टाकी भरल्यावर पंप थांबला. मग मी वीसेक वेळा कार्डाशिवाय बोर्ड सुरू करून पाहिला. एकदाही उठला नाही. दुसऱ्या दिवशी नवं कार्ड आणून बसवलं. खिशातलं कार्ड आजही कुठल्याच कॉम्प्युटरवर वाचता येत नाही.

मावशीला नात झाली. ऑफिसच्या रिपोर्टात मी लिहिलं, 'कार्ड सैल होतं, नीट बसवलं.' इतक्या वर्षांत खोटा लिहिलेला तो एकच रिपोर्ट. खरं काय लिहायचं, ते मला अजून कळलेलं नाही.