वक्रीभवनाची वाटी

"दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं," आमच्या विज्ञानाच्या बाई म्हणायच्या आणि कपाळावरचं कुंकू बोटानं सारखं करायच्या.

काष्टीच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. त्यांचे यजमान एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाले होते. गेल्याची खबर नव्हती, असल्याचीही नव्हती. गावानं आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. बाईंनी लावला नव्हता.

'वक्रीभवन' हा त्यांचा लाडका शब्द. "अहो, पोरींच्या जिभेला केवढं ओझं. साधं 'प्रकाश वाकतो' म्हणा की," मी चिडवायचे.

"माणूस धाकानंही वाकतो. प्रकाश माध्यम बदललं तरच," त्या ठणकावायच्या. तुम्हीही अशी शब्दाला चिकटून बसणारी माणसं पाहिली असतील. बाजारात कुणी यजमानांबद्दल काही नवंच सांगितलं, की बाई म्हणायच्या, "चार तोंडांतून आलंय, वक्रीभवन झालं असेल." हसायच्याही. मग पेपर तपासायला घ्यायच्या आणि एकाच पानावर बराच वेळ अडून राहायच्या.

दुष्काळात प्रयोगाला पाणी कुठलं? पोरी घरून फुलपात्रात घोटघोट पाणी आणायच्या. पितळी वाटीच्या तळाला बाईंनी मेणानं एक ढब्बू पैसा चिकटवला होता. पैसा काठाआड जाईपर्यंत पोरींना मागे सरकवायचं, मग पाणी ओतायचं. पैसा वर आल्यासारखा दिसू लागायचा. तेच पाणी पुढच्या वर्गालाही वापरायचं.

अशाच एका तासाला, मीही वर्गात असताना, राजूरहून त्यांचे सासरे आले आणि दाराशी बसून राहिले. पोरी गेल्यावर हळूच म्हणाले, "पोरी, किती वाट बघायची? तू तरणी हायेस. दुसरं घर बघू. आमी आडवं येनार न्हाई."

बाईंनी वाटीतलं पाणी तांब्यात काढलं, त्यांना मागच्या बाकावर बसवलं.

"मामंजी, पैसा दिसतो?"

"न्हाई."

त्यांनी पाणी ओतलं. "आता?"

"दिसतोय की. सरकला व्हय?"

"जागचा हललेला नाही. मेणानं चिकटवलाय."

म्हातारा वाटीकडे बघत राहिला. मग उपरण्यानं डोळे पुसत म्हणाला, "पानी जपून ठेव, पोरी."

वाटीतल्या पैशावरून माणसाचं काही सिद्ध होत नाही, हे मला कळत होतं. तरी बाईंचं खरं व्हावं असं त्या क्षणी फार वाटलं.

उन्हाळ्यात बाईंनी राजूरला बदली मागून घेतली. "ते आले तर घरीच येतील ना," एवढंच म्हणाल्या. एस.टी.त चढताना वाटी माझ्या हातात दिली. ते आल्याचं पुढे कधी ऐकलं नाही. बाईंचीही पुन्हा गाठ पडली नाही.

वाटी अजून माझ्याकडे आहे. बाईंची आठवण अनावर झाली की मी मागे सरकून बसते आणि हात लांब करून पाणी ओतते. पैसा वर येतो. राजूरच्या दारात उभ्या असलेल्या बाई काही दिसत नाहीत.

तरी मी वाटी लगेच रिकामी करत नाही.