नणंद स्टॉपर, भावजय गोलकीपर

“अहो वर्षाताई, जरा मागं सरकता का?”

आमच्या गोलकीपरचं एवढं वाक्य बोलून होईपर्यंत बॉल आमच्या जाळीत होता. हाफटाइमच्या आत चौथा गोल. मी लाइनीबाहेर उभी राहून स्वतःची टोपी चावत होते.

मी नांदेडच्या एका कॉलेजात स्पोर्ट्स डायरेक्टर होते. नाव डायरेक्टर, कामं म्हणाल तर जाळी बांधणं, बॉलमध्ये हवा भरणं आणि पोरींच्या घरच्यांना पटवणं. आता निवृत्त होऊन नातवंडांच्या शिट्ट्या ऐकते. तेव्हा मात्र मी पन्नाशीची कोवळी पोर होते. डोळ्यावर काळा चष्मा, गळ्यात शिट्टी आणि नुकत्याच केलेल्या रिफ्रेशर कोर्सची हवा अंगात. प्रत्येक वाक्यात ‘कम्युनिकेशन’ घातल्याशिवाय मला चैन पडत नसे. पोरींना वाटायचं, मॅडमचा रिचार्ज संपलाय.

मुलींची फुटबॉल टीम काढायचा हट्टही माझाच. दोन सीझन झाले, एकही मॅच जिंकलो नव्हतो. प्राचार्य सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, यंदा एक तरी मॅच जिंका. नाहीतर टीम बंद. ट्रॅकसूट कबड्डीला देऊन टाकू.”

“सर, टीम घडायला वेळ लागतो.”

“घडवा ना. पण यंदा.”

यंदा आमच्या वाट्याला तीन मॅच होत्या. पहिली हरलो. ही दुसरी, तिचे हे हाल.

गोलकीपरला अख्खं मैदान समोर दिसतं. म्हणून ओरडायचं काम तिचं. तिच्यापुढे उभी असते ती स्टॉपर, म्हणजे बचावाची शेवटची पोरगी. तिला पाठीमागचं काही दिसत नाही, ती गोलकीपरच्या आवाजावर हलते. आमची गोलकीपर कविता, नायगावच्या एका घरची सून. स्टॉपर वर्षा, तिचीच नणंद. दोघी एका एसटीनं येणार, एका डब्यात जेवणार. मी अक्कलवंतानं स्टाफरूममध्ये जाहीर केलं होतं, “एकाच घरच्या दोघी. कम्युनिकेशन आपोआप होईल!”

हाफटाइमला मी कविताला धरलं. “ओरड ना गं! अहो-जाहो काय लावलंय?”

“मॅडम, त्या नणंद हायत.”

“तुझ्यापेक्षा लहान आहे ती!”

“लहान हायत, पण नणंद हायत ना. आत्याबाईला कळलं तर?”

आत्याबाई म्हणजे सासूबाई. वर्षा शेजारी बसून निवांत लिंबू चोखत होती. म्हणाली, “म्हणू द्या ना मॅडम. मला तर लई बरं वाटून राहिलं.”

ती मॅच गेलीच. दोघींना बदलावं, तर कविताशिवाय बॉल धरता येणारी दुसरी नव्हती, आणि वर्षाशिवाय बाकीच्या बॉल आला की डोळे मिटायच्या.

मी नियम काढला: मैदानावर नाती नाहीत, फक्त जर्सीचा नंबर. प्रॅक्टिसला कविता ओरडली, “अहो चार नंबर, मागं या ना!”

मग मी बोलणंच बंद केलं. एक टाळी म्हणजे मागं, दोन टाळ्या म्हणजे पुढं. प्रॅक्टिसला झकास जमलं. मी प्राचार्यांना व्हिडिओसुद्धा पाठवला.

शेवटची मॅच लातूरला होती. तिथली पोरं बघायला आली होती आणि बघायला आलेली पोरं टाळ्या वाजवतात, हे माझ्या रिफ्रेशर कोर्समध्ये नव्हतं. एक टाळी पडली की वर्षा मागं, दोन पडल्या की पुढं. कुणी हॅपी बर्थडे म्हटलं असतं तर ती नाचलीच असती.

तरी आमच्या एका पोरीच्या गुडघ्याला लागून बॉल त्यांच्या गोलमध्ये गेला. ती अजून सांगते, मुद्दाम मारला म्हणून. वन-झिरो. थोडाच वेळ उरला होता आणि त्यांची फॉरवर्ड बॉल घेऊन वर्षाच्या मागून सुटली. कविता टाळी वाजवतेय. पोरंही वाजवतायत. वर्षा मधेच उभी, कुणाची ऐकू म्हणून.

“ए वर्षे! झोपलीस का म्हशीवानी? सर मागं, भवाने!”

ओरडणारी आमची कविता होती. वर्षा गर्रकन वळली. बॉल नेमका पायाशी. तिनं तो असा लाथाडला की थेट कंपाउंडबाहेर. निशाणा वहिनी होती की बॉल, मी विचारलं नाही.

रेफरीनं शिट्टी मारली, कार्ड काढायला खिशात हात घातला. मी आत धावले.

“मॅडम, ही शिव्या देतेय.”

“आपल्याच प्लेयरला देतेय, सर!”

“तरी नियम आहे.”

“अहो सर, त्या नणंद-भावजय आहेत. एका घरात राहतात.”

त्यानं दोघींकडे पाहिलं. खिशातला हात रिकामाच बाहेर आला. “मग मी मधे पडत नाही,” म्हणाला.

मॅच जिंकलो. परतीच्या गाडीत वर्षानं सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला.

“आई, वैनीनं मला चारचौघांत म्हैस म्हणलं.”

“कामून?”

“मी मधी उभी होते म्हणून.”

“मग मधी कामून उभी राहिलीस?” पलीकडून आवाज आला आणि फोन कट.

कविता खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते. रडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य म्हणाले, “वा! टीम चालू ठेवा. पुढच्या वर्षी ट्रॉफी आणा.” घ्या आता. केबिनबाहेर वर्षा थांबलेलीच.

“मॅडम, पुढच्या सीझनला मला गोलकीपर करा. अन् वैनीला स्टॉपर.”

“तुला बॉल धरता येतो?”

“न्हाई. पण वरडता लई येतं.”

मी नवी गोलकीपर शोधली आणि या दोघींतल्या एकीला डाव्या विंगला टाकलं, एकीला उजव्या. कम्युनिकेशन बिघडलं तर बिघडलं. नणंद-भावजयीच्या मधे अख्खं मैदान लागतं.